शोधा आणि बदला

पुस्तकांच्या धंद्यात सगळे त्याला कानामात्रा म्हणत. तोंडावर नव्हे, पण फार मागेही नव्हे. जिन्यात कोणी म्हटलं तर वर ऐकू येई. आणि वर बसलेल्या त्याला ते ऐकून मनातल्या मनात गुदगुल्या होत. माणसाला कोणी जहाल म्हणावं, कोणी अव्यवहारी म्हणावं, ते त्याला चालत असे. पण आपल्या पुस्तकात ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं कोणी दाखवावं, हे मात्र त्याला मरणाहून वाईट वाटे.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत त्याचं प्रकाशन होतं. व्यवस्था उलथून टाकणारी पुस्तकं तिथून बाहेर पडत आणि बरीचशी काही महिन्यांनी तिथेच परत येत. गठ्ठे दोन्ही खोल्यांत होते, जिन्यात होते, मोरीतल्या फळीवर होते. हात धुवायला गेलेला माणूस साम्राज्यवादावर थोडं पाणी उडवल्याशिवाय बाहेर येत नसे. भिंतीवर 'आगामी' असा मथळा असलेला फळा होता. त्यावर सगळ्यात वर 'राज्यसंस्था विरून जाताना : खंड दुसरा' हे नाव इतकी वर्षं होतं की खडू पुसला तरी अक्षरं जात नसत. पहिला खंड अजून यायचा होता.

फळ्याच्या शेजारी एक पाटी होती. 'आमच्या पुस्तकात चूक दाखवा आणि आमची सर्व पुस्तकं विनामूल्य घेऊन जा.' आजवर कोणीच पुढे आलं नव्हतं. कानामात्राच्या मते हा निर्दोष छपाईचा पुरावा होता. त्याची भाची, जी त्याच्याकडे अक्षरजुळणी करत असे, तिच्या मते लोकांना चुका सापडत होत्या, पण बक्षिसाची भीती वाटत होती.

अशा या प्रकाशनाकडे फिटरकाकांचं पुस्तक आलं आणि बऱ्याच वर्षांनी फळ्यावरचं एक नाव खरोखर छापखान्याकडे निघालं.

फिटरकाका म्हणजे कारखान्यात सगळी उमर फिटर म्हणून काढलेला आणि भाडेकरूंची संघटना बांधलेला म्हातारा माणूस. यंत्रांच्या धडधडीनं एक कान पार गेला होता, दुसरा जेमतेम शाबूत होता. पण स्मरणशक्ती अशी की कोणत्या गल्लीत कोणत्या साली कोणाचं सामान रस्त्यावर फेकलं गेलं आणि ते परत आत कोणी नेलं, हे सगळं तोंडपाठ. त्यांनी ते बोलून दाखवलं, भाचीनं उतरवून घेतलं, आणि पुस्तक तयार झालं. 'छप्पर कोणाचं?' असं नाव.

काका स्वतः भाड्याच्याच एका खोलीत राहत. खाली घरमालकीणबाई, वर काका. बाई विधवा, शाळेचे गणवेश शिवून त्यांनी मुलं मोठी केली होती आणि मुलं मोठी होऊन लांब निघून गेली होती. काकांची बायको गेल्यावर बाईंनी एकदा वर ताट पाठवलं, ते मग कधी बंद झालंच नाही. काका आजारी पडले की बाई औषधं आणत. बाईंच्या शिवणयंत्रानं रुसवा धरला की काका तेलाची कुपी घेऊन खाली येत. उभं आयुष्य ज्यानं घरमालकांशी भांडण्यात घालवलं, त्याला नेमकी अशी घरमालकीण मिळाली, यावर काका स्वतःच हसत. म्हणून अर्पणपत्रिका त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिली. भाचीला सांगितली नाही, लिहून दिली.

'माझ्या घरमालकीणबाईंना, ज्यांनी मला कधी भाडेकरू मानलं नाही.'

ती वाचून कानामात्राच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं एका जागी स्वल्पविराम घातला, मग काढला, मग परत घातला आणि म्हणाला, "हे बाईंना आधी कळता कामा नये. प्रकाशन समारंभात, भर सभेत, त्यांना पहिल्या रांगेत बसवायचं आणि वाचायचं." काकांना कल्पना पसंत पडली. बेत ठरला तो असा.

आता गाडी घसरली कुठे, ते सांगतो.

पुस्तकाची मुद्रितं तीनदा वाचून झाली होती. भाचीनं वाचली, काकांनी भिंग लावून वाचली आणि कानामात्रानं अशी वाचली की कागद झिजला. फाईल छापखान्याकडे जायची त्या दिवशी दुपारी पुस्तकबांधणीवाल्याचा फोन आला. हा बांधणीवाला गुणी माणूस, पण त्याची एक खोड होती. तो सगळ्यांना मालक म्हणे. "मालक, पुठ्ठा कोणता लावू? मालक, कधी देताय?" कानामात्राला तो शब्द कानात खडा गेल्यासारखा टोचे. आपण मालक नाही, कोणीच कोणाचं मालक नसतं, हे त्यानं बांधणीवाल्याला अनेकदा समजावलं होतं. त्यावर बांधणीवाला दर वेळी म्हणे, "बरोबर आहे मालक."

फोन ठेवला आणि कानामात्राच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळं पुस्तक घरमालकांच्या अन्यायाचं, आणि त्यात पानोपानी 'मालक, मालक'. हा शब्दच मुळी अदबीचा! आपण लढतोय कोणाशी आणि त्यांना आदरार्थी हाक कोणती मारतोय! भाषा बदलल्याशिवाय जग कसं बदलणार? त्यानं काकांना फोन लावला. काकांना फोनवर फार थोडं ऐकू येई. एक शब्द बदलायचा आहे, एवढं त्यांना कळलं. तुम्हाला योग्य वाटेल ते करा, असं ते म्हणाले.

भाची दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. ती असती तर तिनं पान पान पाहून बदल केला असता. पण संगणकात एक सोय असते हे कानामात्रानं तिच्या खांद्यावरून पाहिलं होतं. एका चौकटीत जुना शब्द लिहायचा, दुसऱ्या चौकटीत नवा, आणि 'सगळीकडे बदला' म्हणायचं. त्यानं पहिल्या चौकटीत 'मालक' लिहिलं. दुसरीत थोडा विचार करून 'शोषक' लिहिलं. बोट दाबलं. डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच काम झालं, आणि शेकडो जागी बदल केल्याचं संगणकानं नम्रपणे कळवलं. कानामात्राला वाटलं, क्रांती इतकी सोपी असेल असं कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं फाईल तशीच छापखान्याला पाठवून दिली. एकच तर शब्द बदललाय, परत काय वाचायचं?

समारंभ एका शाळेच्या सभागृहात होता. बाकं लहान मुलांची होती, त्यामुळे आलेले सगळे कार्यकर्ते गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. गर्दी मात्र चांगली होती. काकांच्या जुन्या संघटनेची माणसं आली होती, विद्यार्थी आले होते, आणि दुसऱ्या रांगेत त्या गावातला दुसरा जहाल प्रकाशक येऊन बसला होता. हा आपल्या पुस्तकांत चुका शोधायलाच येतो अशी कानामात्राची खात्री होती. पहिल्या रांगेत बाई होत्या. भाची त्यांना घेऊन आली होती. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती, आणि आपल्याला इतकं पुढे का बसवलंय ते न कळल्यानं त्या जरा अवघडून बसल्या होत्या.

प्रमुख पाहुण्या म्हणून एक प्राध्यापिका बोलावल्या होत्या. आवाज असा की ध्वनिक्षेपक नुसता शोभेला ठेवावा. पुस्तक त्यांना दारातच मिळालं होतं. पण न वाचलेल्या पुस्तकावर बोलण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता.

कानामात्रानं प्रास्ताविक केलं. निर्दोष छपाई हीसुद्धा एक राजकीय भूमिका असते, असं तो म्हणाला. दुसऱ्या रांगेकडे पाहून म्हणाला. मग त्यानं जाहीर केलं की आता प्राध्यापिका अर्पणपत्रिका वाचतील, आणि ही अर्पणपत्रिका जिच्यासाठी आहे ती व्यक्ती आज आपल्यात बसली आहे. त्यानं हातानं बाईंकडे निर्देश केला. सगळं सभागृह वळून बाईंकडे पाहू लागलं.

प्राध्यापिकेनं पान उघडलं, चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "माझ्या घरशोषकीणबाईंना, ज्यांनी मला कधी भाडेकरू मानलं नाही."

क्षणभर सभागृहात पंखा तेवढा ऐकू आला.

कानामात्राला पहिल्यांदा वाटलं, प्राध्यापिका अडखळल्या. मग त्यानं मांडीवरची प्रत उघडली. शब्द तिथे होता, चांगल्या ठळक टायपात, शुद्धलेखनाच्या दृष्टीनं निर्दोष.

काका व्यासपीठावर बसले होते. त्यांना शब्द ऐकू आले नव्हते. पण काय वाचलं जाणार ते त्यांना ठाऊक होतं आणि ते वाचून झालंय हे प्राध्यापिकेच्या ओठांवरून कळलं होतं. त्यांनी बाईंकडे पाहून हात जोडले आणि तोंडभर हसले.

प्राध्यापिकेनं ते हसणं पाहिलं, सभागृहाचा सन्नाटा पाहिला, आणि हे काहीतरी जबरदस्त आहे हे ओळखलं. मग त्यांनी सुरुवात केली. अर्पणपत्रिका म्हणजे कृतज्ञतेचा गुळगुळीत उपचार, पण या लेखकानं तोही नाकारलाय. 'मला कधी भाडेकरू मानलं नाही.' बघा, नुसतं भाडेकरू म्हणूनसुद्धा मानलं नाही, मग माणूस म्हणून मानायची गोष्ट दूरच राहिली. आणि ज्यांच्याकडे बोट दाखवलं त्यांना पहिल्या रांगेत बसवून, त्यांच्या तोंडावर, हसतमुखानं हे सांगायला छाती लागते.

टाळ्यांचा कडकडाट झाला. विद्यार्थी बाकांवरून उठायला गेले, बाकं मुलांची असल्यानं काही जण बाकांसकट उठले. जुने कामगार टाळ्या वाजवू लागले. दुसरा प्रकाशकसुद्धा वाजवू लागला.

हीच ती वेळ होती. उठायचं, ध्वनिक्षेपक हातात घ्यायचा आणि दोन वाक्यं बोलायची. ही छपाईची चूक आहे. चूक माझी आहे. कानामात्राच्या ओठांवर ती वाक्यं आली होती. पण त्याला दुसऱ्या रांगेतला तो चेहरा दिसला, कार्यालयातली पाटी दिसली, आणि आपण आत्ताच निर्दोष छपाईवर काय बोललो ते आठवलं. नंतर सांगू, असं त्यानं ठरवलं. बाईंना घरी जाऊन नीट सांगू. आणि सगळे टाळ्या वाजवत असताना एकट्यानंच हात मांडीवर ठेवून बसणं बरं दिसेना, म्हणून त्यानंही टाळ्या वाजवल्या.

बाई उठल्या. पदर सारखा केला. कोणाकडेही न पाहता, बाकांच्या रांगांमधून वाट काढत सभागृहाबाहेर गेल्या. भाची त्यांच्यामागे धावली. काकांना वाटलं, बाईंना भरून आलं.

मग प्राध्यापिकेनं पुस्तकाचा शेवट वाचायला घेतला. कानामात्राला तो शेवट पाठ होता आणि आता तो कसा झाला असेल हेही कळलं होतं. त्यानं डोळे मिटून घेतले. "भाडेकरूंनो," प्राध्यापिका गरजल्या, "कष्टकऱ्यांनो, या शहराचे खरे शोषक तुम्हीच आहात." सभेत चुळबुळ झाली. पण प्राध्यापिका डगमगल्या नाहीत. त्यांनी याला निर्भीड आत्मपरीक्षण म्हटलं. मागच्या बाकावरचा एक म्हातारा कामगार मान खाली घालून बराच वेळ बसला होता, असं कोणीतरी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात भाचीनं सगळं पुस्तक चाळलं. तिच्या दाताचं काम अजून चालू होतं, तोंडात कापूस होता, त्यामुळे ती फार बोलली नाही. नुसती पानं समोर ठेवत गेली. 'मालकी हक्का'चा 'शोषकी हक्क' झाला होता. हरवलेल्या एका कुत्र्याला त्याचा शोषक सापडला होता. आणि नवऱ्याच्या मरणाची हकीकत सांगणारी एक बाई म्हणत होती, "आमचे शोषक फार देवमाणूस होते हो, त्यांच्यामागे मला कोणी उरलं नाही." हे वाचून कानामात्राला हसू आलं, आणि हसता हसता त्यानं तोंडावर हात ठेवला, कारण भाची हसत नव्हती.

"मामा, बाई सगळा रस्ता चालत गेल्या," ती म्हणाली. "रिक्षा नको म्हणाल्या."

तेवढ्यात काका जिना चढून आले. भिंग लावून त्यांनी सकाळी अर्पणपत्रिका वाचली होती. ते रागावले असते तर कानामात्राला बरं वाटलं असतं. पण ते गठ्ठ्यावर बसले आणि हळूच म्हणाले की बाईंनी ताट जिन्यात ठेवलं होतं, नेहमीसारखं, झाकण घालून. पण हाक मारली नाही. त्यांनी खाली जाऊन सांगून पाहिलं, की हे मी लिहिलं नाही, संगणकानं केलं. त्यावर बाईंनी विचारलं होतं, संगणकाला मी कशी ठाऊक?

"माझं आता त्या ऐकणार नाहीत," काका म्हणाले. "तुम्ही एकदा या. तुम्ही सांगितलंत तर पटेल."

कानामात्रा आजच येतो म्हणाला. आणि ते तो मनापासून म्हणाला. पण काका गेल्यावर त्याच्या मनात आलं, रिकाम्या हातानं काय जायचं? नुसतं तोंडानं सांगितलेल्याला काय किंमत! आधी शुद्धिपत्र छापून घ्यावं, प्रत्येक प्रतीत चिकटवावं आणि मग ती प्रत बाईंच्या हातात द्यावी. काम कसं चोख व्हायला हवं.

शुद्धिपत्र छापायला छापखान्यानं बरेच दिवस लावले. मधल्या काळात कानामात्रा त्या गल्लीतून एकदोनदा गेलाही, पण समोरच्या फुटपाथवरून. शेवटी चिठ्ठी आली. त्यावर छापलं होतं, 'अर्पणपत्रिकेत घरशोषकीणबाई या शब्दाऐवजी घरमालकीणबाई असे वाचावे. दिलगीर आहोत.' कोण दिलगीर, कशाबद्दल आणि चूक कोणाची, हे त्यात नव्हतं. ते लिहिण्यासाठी त्यानं तीन मसुदे केले होते आणि तिन्ही वेळा चूक कोणाची हे वाक्य शैलीत बसत नाही म्हणून काढून टाकलं होतं.

पण पुस्तक एव्हाना गाजलं होतं. विद्यार्थ्यांनी आपल्या मासिकात अर्पणपत्रिका चौकटीत छापली होती. आणि आता ही चिठ्ठी! त्यांना एकच अर्थ दिसला. घरमालकांनी दडपण आणलं, प्रकाशक नमला, आणि बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडात माफी कोंबली. त्यांनी बैठक घेतली. ठराव केला. आणि एका रविवारी सकाळी फलक आणि हातकर्णा घेऊन सगळे बाईंच्या घरासमोर आले.

भाचीला मैत्रिणीकडून कळलं, तिनं मामाला फोन केला, आणि कानामात्रा अंघोळ अर्धी टाकून, ओल्या केसांनी धावत सुटला.

गल्लीत पोचला तेव्हा घोषणा जोरात चालल्या होत्या. "छप्पर कोणाचं? राहणाऱ्याचं!" कर्णा एका चष्मेवाल्या मुलीच्या हातात होता आणि तिचा आवाज बसायला आला होता. बाईंनी खालच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. शेजारीपाजारी गॅलरीत येऊन, ज्या बाईंनी त्यांच्या पोरांचे गणवेश शिवले होते त्या बाई शोषकीण कधी झाल्या, याचा विचार करत उभे होते. वरच्या खिडकीत बनियनवर काका उभे होते आणि दोन्ही हातांनी जा, जा असं खुणावत होते. पोरांना वाटलं, ते अभिवादन करताहेत. घोषणा आणखी वाढल्या.

मग काका खिडकीतून दिसेनासे झाले. काही वेळानं खालचं दार उघडलं आणि ते बाहेर आले. एका हातात पत्र्याची पेटी, काखेत वळकटी.

कानामात्रा गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचला आणि कुठे निघालात म्हणून त्यानं विचारलं.

"लेकीकडे," काका म्हणाले. "मी इथे आहे तोवर ही पोरं जाणार नाहीत. त्या आत बसून आहेत, सकाळपासून चूल पेटली नाही त्यांची." त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. पाऊस लागला तर आडोसा शोधावा, तसं ते बोलत होते.

पेटी आणि वळकटी पाहून पोरांमधून मात्र आरोळी उठली. घराबाहेर काढलं! म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं! कानामात्रानं त्या मुलीच्या हातातून कर्णा जवळजवळ हिसकावून घेतला आणि जे सभागृहात दोन वाक्यांत झालं असतं ते भर रस्त्यात, ओल्या केसांनी, शिट्ट्या मारणाऱ्या कर्ण्यातून सांगायला सुरुवात केली. शब्द मी बदलला. संगणकात एका बोटानं बदलला. काकांनी मालकीणबाई लिहिलं होतं. प्रेमानं लिहिलं होतं. चूक माझी आहे.

त्याच्या तोंडून चूक हा शब्द निघालेला त्या गावात कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे त्यावर विश्वास कोणी ठेवावा? कोणी मागून विचारलं, किती मिळाले? दुसरं कोणी हसलं. तिसऱ्यानं संगणकाच्या माथी मारायची ही युक्ती सरकारही वापरतं असं सांगितलं. ती चष्मेवाली मुलगी तेवढी त्याच्याकडे आणि बंद खिडक्यांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. मग तिनं कर्णा परत घेतला आणि आजचा कार्यक्रम संपला असं जाहीर केलं. काका तोवर कोपऱ्यावरून रिक्षात बसून गेले होते.

गल्ली रिकामी झाल्यावर कानामात्रानं दार वाजवलं. बाईंनी उघडलं. आत शिवणयंत्रावर एक बाही अर्धी शिवून तशीच होती. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. त्यानं सगळं परत सांगितलं, या वेळी हळू आवाजात. मूळ अर्पणपत्रिका त्याला तोंडपाठ होती, ती म्हणून दाखवली.

"हो, ऐकलं मघाशी," बाई म्हणाल्या. "खिडक्या लावल्या तरी कर्णा आत येतो."

मग मनावर घेऊ नका, शब्दाचा खेळ झाला, असं काहीतरी तो बोलू लागला. बाईंनी त्याला थांबवलं.

"शब्दाचं काही नाही हो. छापणाऱ्याची चूक होते, शिवणाऱ्याचीही होते. तो शब्द ऐकला तेव्हा मलाही वाटलं, काहीतरी गफलत आहे. म्हणून मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्हाला खरं काय ते ठाऊक असणार." त्यांनी यंत्रावरची अर्धी बाही सारखी केली. "तुम्ही टाळ्या वाजवत होतात."

कानामात्रा खुर्चीच्या हातावरचा धागा ओढत बसला. बाईंनीच मग विषय बदलला. काकांच्या लेकीचं घर लहान आहे, त्यांना तिथे झोप लागणार नाही, म्हणाल्या. "त्यांना सांगा, मी खोली झाडून ठेवलीय. मनात काही नाही. महिनाअखेरपर्यंत ठेवते. मी जाऊन बोलवावं तर ते आणखी ओशाळतील. तुमच्याकडून निरोप गेला म्हणजे बरं."

तो जवळजवळ धावतच दाराबाहेर पडला. मन पिसासारखं हलकं झालं होतं. लगेच लेकीकडे जावं म्हणून रिक्षाला हातही केला. आणि मग त्याला दुसरी आवृत्ती आठवली.

दुसरी आवृत्ती छपाईला गेलीच होती, भाचीनं अक्षर अन् अक्षर तपासून. चार दिवसांत प्रती हातात येणार होत्या. किती शोभून दिसेल! एका हातात निरोप, दुसऱ्या हातात शुद्ध अर्पणपत्रिका. काकांना काय वाटेल! असा निरोप फोनवरून का द्यायचा असतो, असा रिकाम्या हातानं का न्यायचा असतो? त्यानं रिक्षा सोडून दिली.

छपाई वेळेत झाली. पण बांधणीवाल्याच्या यंत्राचा पट्टा तुटला. मग पट्टा आला तर डिंक वाळेना. "आज देतो मालक, उद्या देतो मालक," असं करत महिना कधी सरला ते कानामात्राला कळलं नाही. कळलं तेव्हा त्यानं ओल्या डिंकाची एक प्रत बांधणीवाल्याच्या टेबलावरून उचलली आणि आधी बाईंकडे गेला, एवढंच सांगायला, की काका उद्या येताहेत.

वरच्या खिडकीत नवा पडदा होता. दारातून ती चष्मेवाली मुलगी बादली घेऊन बाहेर आली, त्याला पाहून थबकली आणि ओशाळली. घोषणांच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाईंची माफी मागायला आली होती. मग अधूनमधून येत राहिली. वसतिगृहातून तिला काढलं होतं, कुठे खोली मिळत नव्हती. बाईंनी महिनाअखेरपर्यंत वाट पाहिली. काकांकडून काहीच आलं नाही, तेव्हा त्यांचा राग गेला नसेल असं समजून त्यांनी खोली मुलीला दिली.

"निरोप दिलात ना तुम्ही?" बाईंनी विचारलं.

कानामात्रानं खरं ते सांगितलं. बाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि शिवणयंत्राच्या चाकावर हात ठेवला.

लेकीच्या घरी काका बाहेरच्या खोलीत कॉटवर बसले होते. समोर नातवंडांचा टीव्ही चालू होता. कानामात्रानं पुस्तक दिलं. मग झालेलं सगळं सांगितलं, चांगल्या कानाशी तोंड नेऊन. बाईंचा निरोप, आपण का थांबलो ते, आणि खोली गेली ते. काकांनी पुस्तक उघडलं नाही. मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवला. निरोप कधीचा होता, एवढं त्यांनी एकदा विचारलं आणि उत्तर ऐकून मान हलवली.

मग त्यांनी विचारलं, "कोणाला दिली खोली?"

"आपली वाचक आहे एक," कानामात्रा म्हणाला.

"चांगलं झालं." काका टीव्हीकडे पाहत होते, पण टीव्ही बघत नव्हते. "तिला एक सांगा. वरचा नळ एकदम सोडायचा नाही, हळूहळू सोडायचा. नाहीतर नळी भिंतीत धडधडते आणि खाली बाईंची झोप मोडते. त्या बोलून दाखवणार नाहीत."

हा निरोप मात्र कानामात्रानं कशाची वाट न पाहता, तिथून उठून थेट नेला. रिक्षा मिळेना तर चालत गेला, जिना चढताना त्याला धाप लागली. मुलगी घरी नव्हती. बाई वर तिची खिडकी लावायला आल्या होत्या. त्यानं दम खात खात नळाचं सांगितलं.

"ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं," बाई म्हणाल्या, आणि त्याला पाणी हवंय का ते विचारून खाली गेल्या.